मूलकणांचं वस्तुमान येतं कुठून? नाशिकच्या बैठकीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गंगापूर रोडला रविवारी सकाळी आमची भौतिकशास्त्राची बैठक भरते. टीवायबीएस्सीची मुलं येतात, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत टूलरूम सांभाळणारे येतात, निवृत्त मास्तर येतात, दिंडोरीकडचे बागायतदारही येतात. विषय कृष्णविवराचा काढा नाहीतर लेसरचा, तासाभरात गाडी मूलकणांच्या वस्तुमानावर येऊन थांबते. म्हणून नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत.

वस्तुमानं इलेक्ट्रॉनव्होल्टच्या हिशेबात दिली आहेत; हे खरं तर ऊर्जेचं एकक, पण वस्तुमान आणि ऊर्जा एकमेकांत बदलता येत असल्याने मूलकणांना तेच माप लावतात. दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे एक एमईव्ही आणि हजार एमईव्ही म्हणजे एक जीईव्ही.

हिग्ज बोसॉन सापडला. मग हा विषय संपला ना?

अर्धाच संपला. ४ जुलै २०१२ रोजी सर्न या जिनिव्हाजवळच्या युरोपीय प्रयोगशाळेतल्या अॅटलास आणि सीएमएस या दोन्ही गटांनी नवा कण दिसल्याचं जाहीर केलं. पुढच्या वर्षीचं नोबेल फ्रान्स्वा अँग्लेर आणि पीटर हिग्ज यांना मिळालं. त्यातून कळलं ते एवढंच, की मूलकणांना वस्तुमान असायला सिद्धांताची हरकत उरत नाही. पण इलेक्ट्रॉनचं वस्तुमान ०.५११ एमईव्हीच का, ५ का नाही, ५०० का नाही, यावर हिग्ज यंत्रणा अवाक्षर काढत नाही. तो आकडा आपण प्रयोगशाळेत मोजतो आणि समीकरणात हाताने भरतो.

या पानावर प्रत्येक सिद्धांताला एकच जमाखर्च विचारला आहे: आत पदरचे आकडे किती घातले आणि बाहेर नवे किती निघाले? जेवढे घातले तेवढेच निघत असतील, तर आपण आकड्यांची नावं बदलली, बाकी काही केलं नाही.

हरकत कसली? वस्तूला वजन असतंच की.

हा प्रश्न भाबडा वाटतो, पण खरी मेख इथेच आहे.

इलेक्ट्रॉनचे गणितात दोन भाग पडतात, डावा आणि उजवा. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या च्येन-शिउंग वू यांच्या कोबाल्टवरच्या प्रयोगाने दाखवलं, की क्षीण बल, म्हणजे बीटा ऱ्हास घडवणारं बल, डाव्या-उजव्यात भेदभाव करतं. पुढे चित्र स्पष्ट झालं: हे बल वाहणारा डब्ल्यू बोसॉन फक्त डाव्या इलेक्ट्रॉनला ओळखतो, उजव्याकडे ढुंकूनही बघत नाही. आता वस्तुमानाचं समीकरणातलं काम काय, तर डाव्याला उजव्याशी जोडणं. डाव्याजवळ क्षीण बलाचा प्रभार आहे आणि उजव्याजवळ नाही. मग ही जोडणी होताना तो प्रभार जातो कुठे? नुसतं वस्तुमान लिहून मोकळं व्हावं, तर सिद्धांत ज्या सममितीवर उभा आहे तीच मोडते.

१९६४ साली तीन ठिकाणी जवळपास एकाच वेळी वाट सापडली: रॉबर्ट ब्राउट आणि अँग्लेर, एकटे हिग्ज, आणि गुराल्निक, हेगन व किबल. १९६७ मध्ये स्टीव्हन वाइनबर्ग यांनी ती इलेक्ट्रॉनसारख्या कणांना लावली. बाकीची क्षेत्रं पोकळीत शून्यावर असतात, हिग्ज क्षेत्र हे एक मात्र २४६ जीईव्हीवर स्थिरावलेलं आहे. डाव्या-उजव्याच्या अदलाबदलीत प्रभाराची देवघेव तेच सांभाळतं. कणाची या क्षेत्राशी जोडणी जितकी घट्ट तितकं त्याचं वस्तुमान जास्त. या घट्टपणाला कपलिंग म्हणतात. प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात त्या कणांना क्वार्क म्हणतात; त्यांच्यातल्या सर्वांत जड, टॉप क्वार्कचं कपलिंग जवळजवळ १ आहे, इलेक्ट्रॉनचं सुमारे ०.०००००३.

डब्ल्यू आणि झेड या बलवाहक कणांच्या बाबतीत जमाखर्च चोख जुळतो. दुसऱ्याच प्रयोगांतून मिळालेले आकडे घालून त्यांची वस्तुमानं आधी सांगितली गेली आणि १९८३ मध्ये सर्नला ते सांगितल्या ठिकाणी सापडले, एक ८० जीईव्हीच्या आसपास आणि दुसरा ९१ च्या. इलेक्ट्रॉन आणि क्वार्क यांच्या बाबतीत मात्र प्रत्येक कणाला स्वतंत्र कपलिंग द्यावं लागतं. वस्तुमानाऐवजी कपलिंग भरलं एवढाच फरक. इलेक्ट्रॉनसारखे तीन आणि क्वार्क सहा: नऊ आकडे घातले, नऊ निघाले.

हिग्ज क्षेत्र म्हणजे पाक, आणि कण त्यात अडखळत जातात, असं वाचलं होतं.

विसरून जा. पाकात हलणारी वस्तू थांबते. वस्तुमान असलेला कण पोकळीत एका वेगाने निघाला तर त्याच वेगाने जात राहतो. वस्तुमान गतीला विरोध करत नाही, गती बदलायला विरोध करतं. हिग्ज क्षेत्र समजवायला देतात ते पुढाऱ्याभोवती जमलेल्या गर्दीचं उदाहरणही याच कारणासाठी फसवं आहे.

मग माझं वजनसुद्धा हिग्जमुळेच?

फार थोडं. तुमच्या शरीराचं जवळजवळ सगळं वस्तुमान प्रोटॉन-न्यूट्रॉनमध्ये आहे. प्रोटॉन ९३८.३ एमईव्हीचा, आणि त्यातले दोन अप क्वार्क व एक डाउन क्वार्क मिळून बेरीज जेमतेम ९ एमईव्ही, म्हणजे शेकडा एक. उरलेलं सगळं क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑन क्षेत्राच्या आणि क्वार्कांच्या गतीच्या ऊर्जेतून येतं. साठ किलोच्या माणसात मूलकणांच्या स्वतःच्या वस्तुमानाचा वाटा सहाशे ग्रॅमच्या आसपास.

वस्तुमानाच्या स्पष्टीकरणांमध्ये मला सर्वांत समाधानकारक वाटतं ते हेच. २००८ मध्ये युरोपातल्या एका गटाने अवकाश-काळाची जाळी मांडून महासंगणकावर प्रोटॉनचं आणि त्याच्या भावंडांचं वस्तुमान काढलं. आत मोजके आकडे घातले, बाहेर नऊ कणांची वस्तुमानं निघाली आणि ती प्रयोगाशी जुळली. २०१५ मध्ये तर न्यूट्रॉन आणि प्रोटॉनमधला १.२९ एमईव्हीचा बारीक फरकही असाच निघाला. हा फरक क्षुल्लक नाही. डाउन क्वार्क अपपेक्षा जड नसता तर विद्युत ऊर्जेमुळे प्रोटॉनच न्यूट्रॉनपेक्षा जड ठरला असता, हायड्रोजन टिकला नसता, आणि गोदावरीत पाणीही नसतं.

पण प्रोटॉन मूलकण नाही. आपला मूळ प्रश्न त्या शेकडा एकचा आहे.

आकडे एवढे विचित्र आहेत म्हणजे नक्की किती?

इलेक्ट्रॉन, म्युऑन आणि टाऊ या तिघांचा विद्युतप्रभार सारखा, फिरकी (स्पिन) सारखी, क्षीण बलाशी वागणूकही सारखी. वस्तुमानं मात्र ०.५११, १०५.७ आणि १,७७७ एमईव्ही. क्वार्कांची रांग अपपासून, म्हणजे २ एमईव्हीपासून सुरू होते आणि टॉपपाशी, १७२ जीईव्हीच्या पुढे संपते. न्यूट्रिनो, म्हणजे विद्युतप्रभार नसलेले आणि कशातूनही आरपार जाणारे कण, इतके हलके, की जर्मनीतल्या कार्लस्रूहच्या काट्रिन प्रयोगाला आजवर फक्त कमाल मर्यादा घालता आली आहे, ०.४५ इलेक्ट्रॉनव्होल्ट.

दिंडोरीकरांसाठी: इलेक्ट्रॉन म्हणजे ५ ग्रॅमचा द्राक्षमणी धरला, तर म्युऑन किलोभर द्राक्षं, टाऊ सतरा किलोचं क्रेट आणि टॉप क्वार्क सतराशे किलो, म्हणजे पिकअप भरून माल. न्यूट्रिनो त्याच मापात पाच मायक्रोग्रॅमच्याही खाली. आणि हे सगळे मूलकण, कोणाच्या पोटात दुसरं काही असल्याचा पुरावा नाही.

१९३६ मध्ये म्युऑन सापडला तेव्हा त्याचं काम काय तेच कोणाला कळेना. इझिडोर राबी यांनी नंतर विचारलं म्हणे, "हा कोणी मागवला?" उत्तर अजून आलेलं नाही. आपण इथे बोलत असताना वैश्विक किरणांतून जन्मलेले म्युऑन दर सेकंदाला एखाददुसरा या हिशेबाने प्रत्येकाच्या तळहातातून आरपार जातायत, रामकुंडावर उभे असा नाहीतर सीबीएसच्या फलाटावर.

हे आकडे समजावणारे सिद्धांत कोणते?

पुष्कळ आहेत. मूलकणांच्या आजच्या मान्य सिद्धांतात, म्हणजे स्टँडर्ड मॉडेलमध्ये, न्यूट्रिनोची वस्तुमानं सोडून १९ आकडे हाताने भरावे लागतात, आणि त्यातले १३ क्वार्क आणि लेप्टॉन (इलेक्ट्रॉन व त्याची भावंडं) यांची वस्तुमानं आणि क्वार्कांची आपसातली सरमिसळ यांचे आहेत. त्यामुळे ज्याला त्याला इथेच हात मारावासा वाटतो. माझ्या मते ज्यांच्यापाशी थांबावं असे चार.

पहिला, १९७९ चा, फ्रोगाट आणि नील्सन यांचा. त्यांचं म्हणणं असं, की मुळात सगळी कपलिंगं १ च्या आसपास असावीत, पण प्रत्येक पिढीच्या (इलेक्ट्रॉन, म्युऑन, टाऊ यांसारख्या एकाच स्वभावाच्या तीन पायऱ्यांपैकी प्रत्येक) कणांवर एक नवा, अजून न दिसलेला प्रभार आहे. तो जितका जास्त तितक्या वेळा ०.२ सारख्या एका छोट्या आकड्याने गुणावं लागतं. ०.२२ ला स्वतःशी आठ वेळा गुणलं की इलेक्ट्रॉनच्या कपलिंगच्या घरात पोहोचतोच. म्हणजे एवढ्या मोठ्या तफावतीला कारण मिळालं. पण कोणाला किती प्रभार द्यायचा हे आपणच ठरवतो, शिवाय प्रत्येक ठिकाणी '१ च्या आसपास' असा एक मोकळा गुणांक शिल्लक राहतो. परिमाण समजतं, नेमका आकडा नाही.

दुसरा महाएकीकरणाचा. प्रचंड ऊर्जेला क्वार्क आणि लेप्टॉन एकाच कुटुंबातले असतील, तर तिथे बॉटम क्वार्क आणि टाऊ यांचं वस्तुमान सारखं असायला हवं. खाली आपल्या ऊर्जेपर्यंत उतरताना क्वार्कवर ग्लुऑनचा परिणाम होतो आणि त्याचं वस्तुमान वाढत जातं. आज ते गुणोत्तर साधारण २.४ आहे, आणि हिशेबही ढोबळमानाने तिथेच येतो. इथपर्यंत सुरेख. पण तोच नियम पहिल्या दोन पिढ्यांना लावला तर डाउन आणि स्ट्रेंज क्वार्कांचं गुणोत्तर इलेक्ट्रॉन-म्युऑनइतकं, म्हणजे २०७ ला १, यायला हवं. प्रत्यक्षात ते २० ला १ आहे. १९७९ मध्येच जॉर्जाय आणि यार्ल्स्कोग यांनी समीकरणात एक ३ चा गुणक आणून हे सावरलं. सावरलं ते चलाखीने, पण सावरावं लागलं. आणि या सिद्धांतांचं ठळक भाकीत, प्रोटॉनचा ऱ्हास, जपानच्या सुपर-कामिओकांडे या भूमिगत प्रयोगाला अजून दिसलेलं नाही. प्रोटॉनचं आयुष्य १० च्या ३४ व्या घाताइतक्या वर्षांहून जास्त आहे एवढं कळलंय.

तिसरा वाइनबर्ग यांच्या आवडीचा: फक्त जड कणांना थेट वस्तुमान मिळतं, हलक्यांना ते क्वांटम दुरुस्त्यांमधून (इतर कणांच्या क्षणिक देवघेवीने पडणाऱ्या लहानशा भरीतून), आडवाटेने मिळतं. इलेक्ट्रॉन म्युऑनच्या दोनशेव्या हिश्शाएवढा का, याचं हे नैसर्गिक कारण झालं असतं. ही कल्पना ते १९७२ पासून धरून होते, आणि २०२० मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी, त्यावर पुन्हा पेपर लिहिला. आकडे जुळले नाहीत हे त्यांनीच त्यात सांगितलं. ही चिकाटी मला कुठल्याही यशस्वी पेपरपेक्षा मोठी वाटते, पण ते माझं मत.

चौथा जास्तीच्या मितींचा. अवकाशाला आणखी एक मिती आहे आणि प्रत्येक कणाचे डावे-उजवे भाग तिच्यात वेगवेगळ्या जागी बसले आहेत. ते एकमेकांपासून थोडे जरी लांब असले तरी कपलिंग झपाट्याने घसरतं. २००० च्या सुमारास ही कल्पना जोरात होती. जमाखर्चात ती पहिल्या सिद्धांताच्याच रांगेत बसते: प्रभाराऐवजी जागा, आणि जागाही आपणच नेमून द्यायची.

कोइदेचं सूत्र खरं की योगायोग?

बैठकीतला सगळ्यांत लाडका प्रश्न. कॅल्क्युलेटर काढा.

इलेक्ट्रॉन, म्युऑन, टाऊ यांच्या वस्तुमानांची बेरीज करा: १,८८३.१. आता तिघांची वर्गमुळं काढून त्यांची बेरीज करा: ५३.१४७५. तिचा वर्ग करा: २,८२४.७. पहिल्याला दुसऱ्याने भागा. ०.६६६७ येतं, दोन तृतीयांश. तिन्ही वस्तुमानं सारखी असती तर हा भागाकार एक तृतीयांश आला असता, आणि एकाच कणाने सगळं वस्तुमान गिळलं असतं तर १. आपला आकडा बरोबर मधोमध.

जपानचे योशिओ कोइदे यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हे मांडलं, तेव्हा ते जुळत नव्हतं! सूत्राप्रमाणे टाऊ १,७७७ एमईव्हीचा हवा होता आणि प्रयोग सांगत होते १,७८४ च्या आसपास. १९९२ मध्ये बीजिंगच्या प्रयोगाने टाऊ नव्याने मोजला आणि आकडा १,७७७ वर आला.

याच्या शेजारी दुसरं सूत्र ठेवा. १९५१ मध्ये फ्रीडरिश लेन्झ यांनी अमेरिकेच्या 'फिजिकल रिव्ह्यू'त एक इवलीशी नोंद छापली: प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या जितके पट जड आहे तो आकडा म्हणजे पायचा पाचवा घात गुणिले ६. हे १,८३६.१२ येतं आणि तेव्हाचं मोजमापही १,८३६.१२ होतं. पुढे मोजमाप सुधारलं आणि १,८३६.१५३ निघालं. मोजमापाची अचूकता आता अशी आहे, की हा फरक भरून यायची शक्यताच नाही.

म्हणजे अचूक मोजमापाने एक सूत्र मारलं आणि दुसऱ्याला जगवलं. दोन आकडे घातले, तिसरा आधीच निघाला, त्यामुळे जमाखर्चात कोइदे फायद्यात आहेत. तरीही बहुतेक भौतिकशास्त्रज्ञ हात राखून असतात, आणि त्याला कारण आहे. वस्तुमानं ऊर्जेनुसार थोडी बदलतात. खोल कारण असेल तर ते प्रचंड ऊर्जेला असणार, आणि तिथली वस्तुमानं घातली तर सूत्र किंचित बिघडतं. आपल्या रोजच्या ऊर्जेलाच ते एवढं चपखल का बसावं, हे कोणाला पटेल असं सांगता आलेलं नाही. क्वार्कांनाही ते सरळ लागू पडत नाही. मला विचाराल तर मी याला योगायोग म्हणायला तयार नाही आणि सिद्धांत म्हणायलाही नाही.

न्यूट्रिनोची गोष्ट वेगळी का सांगतात?

कारण त्यांना वस्तुमान आहे हेच १९९८ पर्यंत पक्कं नव्हतं. सुपर-कामिओकांडेने त्या वर्षी न्यूट्रिनो वाटेत जात बदलतात हे दाखवलं, मग कॅनडाच्या सडबरी वेधशाळेने सूर्याच्या न्यूट्रिनोंबद्दल तेच सिद्ध केलं. २०१५ चं नोबेल त्यासाठीच. जात बदलायची तर वस्तुमान हवंच, आणि निदान एका न्यूट्रिनोचं ०.०५ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या खाली नसावं.

इथे 'सीसॉ' नावाची यंत्रणा आहे. हलक्या न्यूट्रिनोला एक अतिजड जोडीदार असतो आणि जोडीदार जितका जड तितका हा हलका. १०० जीईव्हीचा वर्ग घ्या, त्याला १० च्या १४ व्या घाताइतक्या जीईव्हीने भागा, ०.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट निघतो. १९७७ ते १९८० च्या दरम्यान मिंकोव्स्की, यानागिदा, गेल-मान आणि त्यांचे सहकारी अशा अनेकांनी हे मांडलं, आणि त्यांत ओडिशात जन्मलेले रवींद्र नाथ महापात्रा आहेत. तो जड जोडीदार कुठल्याही यंत्राच्या आवाक्याबाहेर आहे. पण न्यूट्रिनो स्वतःच स्वतःचा प्रतिकण असेल, तर काही अणुकेंद्रांत न्यूट्रिनो न सोडता दुहेरी बीटा ऱ्हास, म्हणजे दोन न्यूट्रॉनचे एकदम दोन प्रोटॉन होणं, दिसायला हवा. शोध चालू आहे, अजून दिसलेला नाही.

जाता जाता: वातावरणात जन्मलेले न्यूट्रिनो जगात पहिल्यांदा पकडले गेले त्यात १९६५ चा कोलारच्या सोन्याच्या खाणीतला प्रयोग आहे, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे, म्हणजे टीआयएफआरचे लोक त्यात होते.

हिग्जला स्वतःला वस्तुमान कोण देतं?

१२५ जीईव्ही हाही हाताने भरलेला आकडा. क्वांटम दुरुस्त्या त्याला अफाट वर ओढू पाहतात, आणि तो खाली कसा राहिला याचं लोकप्रिय उत्तर, महासममिती (प्रत्येक कणाला अजून न दिसलेला एक जोडीदार असतो ही कल्पना), सर्नमध्ये अजून दिसलेलं नाही. एक अपवाद नोंदवण्यासारखा आहे. २००९ च्या अखेरीस शापोश्निकोव्ह आणि वेटेरिश यांनी, गुरुत्वाकर्षण अतिउच्च ऊर्जेला ठरावीक पद्धतीने वागतं आणि मध्ये कुठलेही नवे कण नाहीत असं धरून, १२६ जीईव्हीच्या आसपासचं भाकीत केलं होतं, शोधाच्या अडीच वर्षं आधी. मात्र त्या काळात वेगवेगळ्या गृहीतकांवरची भाकितं शंभराच्या अलीकडे-पलीकडे सगळीकडे पसरली होती, कोणीतरी बरोबर येणारच होतं.

याला 'देवकण' का म्हणतात?

लिऑन लेडरमन यांच्या १९९३ च्या पुस्तकाच्या शीर्षकामुळे. भौतिकशास्त्रज्ञांना ते नाव आवडत नाही. पंचवटीत राहणाऱ्यांनी देवाचा आणि या कणाचा संबंध जोडू नये.

सीईटीला यातलं काही येतं का?

नाही.

नाशिकमध्ये राहून हे शिकता येईल?

वाचायला अडचण नाही. कणांचे अद्ययावत आकडे पार्टिकल डेटा ग्रुप फुकट देतो, पेपर आर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळावर फुकट मिळतात, सर्न आपल्या प्रयोगांचा डेटाही खुला करतं. बीएस्सीच्या मुलांनी होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या 'नियस' उपक्रमाची चौकशी जरूर करावी. टीआयएफआर तर पंचवटी एक्स्प्रेसने गाठता येईल इतकी जवळ आहे, आणि सीएमएसच्या बाहेरच्या कॅलरीमीटरचा, म्हणजे कणांची ऊर्जा मोजणाऱ्या उपकरणाचा, एक भाग तिथल्याच लोकांनी उभा केलाय. क्वांटम यांत्रिकी आणि विशेष सापेक्षता पक्की न करता क्षेत्र सिद्धांताला हात घालू नका. दर वर्षी दोघं-तिघं घालतात आणि दिवाळीपर्यंत दिसेनासे होतात.

मी सगळ्या वस्तुमानांचं सूत्र शोधलंय. बघाल का?

बघू, आनंदाने. कागद आणा, पीडीएफ पाठवू नका. आणण्याआधी एवढं करा.

सूत्रात तुम्ही निवडलेले आकडे, घात, गुणक सगळे मोजा. पाय, सूक्ष्म-रचना स्थिरांक (विद्युतबलाची ताकद सांगणारा आकडा) आणि चार-पाच पूर्णांक मोकळे सोडले तर जगातला कुठलाही आकडा हजारात एकच्या अचूकतेने जुळवता येतो. प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन एकाच सूत्रात कोंबू नका, एक संयुक्त आहे आणि एक मूळ. क्वार्कांची वस्तुमानं वापरत असाल तर कोणत्या ऊर्जेवरची ते लिहा, नाहीतर आकड्याला अर्थच नाही.

मग एक आकडा असा सांगा जो अजून मोजला गेलेला नाही. हिग्ज म्युऑनमध्ये किती वेळा विघटित होतो याचा पहिला पुरावा २०२० मध्ये आला आणि ते मोजमाप अजून कच्चं आहे, इलेक्ट्रॉनचं तर झालेलंच नाही. न्यूट्रिनोंपैकी सर्वांत हलका कोणता यासाठी चीनच्या जुनो प्रयोगाने २०२५ मध्ये नोंदी घ्यायला सुरुवात केली. यातलं काहीही चालेल. आकडा त्रुटीच्या मर्यादेसकट लिहा, खाली तारीख टाका, आणि रविवारी साडेनऊच्या आत या. दहानंतर मिसळ येते आणि मग कोणी ऐकत नाही.